काकूंचं जैनाबाद

सभेत ठराव वाचून झाला आणि अध्यक्षांनी "मंजूर?" असं विचारलं की आम्हा सगळ्या मेंबरांचे हात सवयीनं वर जात. काकूंचा हात मात्र टेबलावर पालथा पडलेला असे. अध्यक्ष चष्मा काढत, रुमालानं पुसत आणि शक्य तितक्या गोड आवाजात विचारत, "काकू, तुमचा हात?"

"आधी समजू द्या, मंग हात," काकू म्हणत.

हे ऐकलं की आमच्यातले निम्मे लोक घड्याळाकडे बघत आणि उरलेले चहा कुठे अडला ते बघत.

ही बुऱ्हाणपूरच्या नगरपालिकेतली गोष्ट आहे आणि काळ राज्यांच्या फेरजुळणीचा. नागपूर आमची राजधानी होती, ती दुसऱ्या राज्यात गेली आणि आम्ही जागचे न हलता भोपाळचे झालो. घरात मराठी, दुकानात मराठी-हिंदीची खिचडी आणि कचेरीत शुद्ध हिंदी लिहिण्याचा आटापिटा, असं आमचं चाललं होतं. माझं चौकात कापडाचं दुकान होतं. चार गिऱ्हाइकांनी भरीला घातलं म्हणून उभा राहिलो आणि निवडून आलो. मेंबर झालं की लग्नात पुढच्या रांगेत बसायला मिळतं, एवढीच माझी त्या पदाबद्दलची समजूत होती.

काकू निवडणूक लढवून आल्या नव्हत्या. बायकांमधून एक मेंबर आम्हीच निवडून घ्यायची पद्धत होती. त्या जागेसाठी गावातल्या दोन बड्या असामींच्या बायकांची नावं पुढे आली आणि दोन्ही असामी एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हत्या. दोघांचा रुसवा टाळायचा म्हणून कुणीतरी मुलींच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या काकूंचं नाव सुचवलं. गरीब बाई आहे, येईल, चहा घेईल, जाईल, असा सगळ्यांचा हिशेब. तुकईथड गावाकडच्या शेतकऱ्याची ही लेक किती गरीब आहे ते पहिल्याच अंदाजपत्रकाच्या सभेत कळलं. बडेबाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, खर्चाच्या बाबी आगगाडीच्या वेगानं वाचत होते. "किरकोळ" या बाबीवर काकूंनी त्यांना थांबवलं.

"किरकोळमध्ये काय काय येते, बाबू?"

"किरकोळ म्हणजे... किरकोळच, काकू. हारतुरे, पाहुण्यांचं चहापाणी..."

"अन् नालीवरची फरशी?"

"ती नाही बसत किरकोळात."

"मंग पाहुण्यांना त्या नालीवरूनच आणत जा," काकू म्हणाल्या. फरशी बसली, पण त्या वर्षी हार जरा बारीक झाले.

तुम्ही म्हणाल, अशी बाई वॉर्डात लाडकी असणार. छे! वॉर्डातले लोक त्यांना चुकवून दुसऱ्या गल्लीनं जात. कारण नळाची, दिव्याची, झाडलोटीची कुठलीही तक्रार घेऊन गेलं की काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला. "घरपट्टी भरली का?" नाही म्हटलं तर त्या दार अर्धं लावून घेत. "आधी भरून या. मंग तुम्ही मले भांडा अन् मी अध्यक्षाले भांडते." माझ्या सख्ख्या सासऱ्यांना त्यांनी असं उंबऱ्यावरून परत पाठवलं होतं. सासरे घरी येऊन माझ्यावर डाफरले, "तुमची ती काकू आहे का कोतवाल?" मला खरं तर मनातून फार बरं वाटलं होतं.

आता जैनाबादचं सांगतो, कारण काकूंचं खरं रूप आम्हाला तिथे दिसलं.

जैनाबाद तापीच्या पलीकडे. उन्हाळ्यात बायका लुगडं खोचून नदी उतरून येतात, पावसाळ्यात नावेनं. आणि पूर आला की नावही बंद. तिथली एक माळ्याची सून काकूंच्या शिवणाच्या वर्गात येत असे. हुशार होती, काज तर असं करायची की माझ्या दुकानातल्या शिंप्यानं बघत बसावं. ती पहिलटकरीण होती. श्रावणात तिच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा तापी दुथडी भरलेली. घरच्यांनी तिला बाजेवर घालून काठापर्यंत आणलं, पलीकडे आमचा दवाखाना दिसत होता, पण नाव घालायला कुणी धजेना. दुपारी नदीकाठीच ती गेली, पोटातल्या बाळासकट.

काकूंना बातमी कळली ती दोन दिवसांनी, पाणी उतरल्यावर. त्या दिवशी त्यांनी वर्ग घेतला नाही. माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसल्या. मी पाणी दिलं, ते त्यांनी तसंच हातात धरून ठेवलं. मग म्हणाल्या, "तिकडे एक शिकलेली दाई पाहिजे. पुढच्या पुराच्या आधी पाहिजे." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मला त्या आवाजाची भीती वाटली.

पुढच्याच सभेत त्यांनी विषय काढला. दाईचा पगार आणि राहायला खोली, एवढं नगरपालिकेनं द्यावं. अध्यक्ष मनानं वाईट नव्हते, त्यांनी हळहळ व्यक्त केली आणि मग मान हलवली. "पण काकू, जैनाबाद आपल्या हद्दीबाहेर आहे. हद्दीबाहेर आपण पैसा कसा टाकणार? उद्या सगळी खेडी दारात येतील."

काकू उठून गेल्या. अध्यक्षांनी सुटकेचा श्वास टाकला. ती घाई झाली.

दुसऱ्या दिवसापासून काकू घाटावरच्या जकात नाक्यावर जाऊन बसू लागल्या. सकाळी शाळेच्या आधी. नाकेदार बिचारा कावराबावरा. जैनाबादच्या बायका वांगी, मेथी, केळीची पानं डोक्यावर घेऊन येत, नाक्यावर टोपली उतरवत, जकात देत आणि पुढे जात. काकू प्रत्येकीशी बोलत. महिना संपला तेव्हा त्या सभेत परत उभ्या राहिल्या, आणि एकट्या नाही. बाहेरच्या ओट्यावर टोपल्या घेऊन बायका बसल्या होत्या. सभागृहात मेथीचा वास दरवळत होता.

"अध्यक्षसाहेब, ह्या बाया आपल्या हद्दीतल्या नाहीत ना?"

"नाहीत, काकू."

"मंग रोज सकाळी त्यांच्यापासून जकात कायले घेतो आपण? घ्यायच्या वक्ताले नदी आटते, अन् द्यायच्या वक्ताले पूर येते का?"

कुणीतरी हसू खोकल्यात लपवलं. विणकरांच्या मोहल्ल्याचे एक वयस्कर मेंबर होते, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणत असू. ते सभेत सहसा बोलत नसत. त्या दिवशी त्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "साहब, बात तो बाई की सीधी है. जिसका हाथ हम रोज पकड़ते हैं, उसको पराया कैसे बोलें?" आणि हात वर केला. मग माझा गेला. मग एकेक करत सगळ्यांचे गेले, अध्यक्षांचासुद्धा. काकूंनी त्या दिवशी हात सगळ्यात शेवटी वर केला, आणि तो खाली घ्यायला त्या विसरल्या.

आता एक अडचण होती. हद्दीबाहेर खर्च करायचा तर सरकारची परवानगी लागते. बडेबाबूंनी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला, अध्यक्षांनी सही केली, साक्षीला आम्ही दोघा-तिघांनी केली, आणि कागद टपालात पडले. दिवाळी गेली, संक्रांत गेली, उत्तर नाही. शिमग्याच्या सुमाराला काकूंनी बडेबाबूंना गाठलं. मी तिथेच होतो.

"बाबू, अर्ज कुठं पाठवला होता?"

"वरती, काकू. नेहमीसारखा."

"वरती म्हंजे कुठं?"

"म्हणजे... नागपूरले."

बोलता बोलता बडेबाबूंचा चेहरा उतरला. अख्खी नोकरी त्यांनी पाकिटावर नागपूर लिहिण्यात घालवली होती. हात आपोआप तेच लिहून गेला होता. आणि सही करणाऱ्या आमच्यापैकीही एकाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. आमच्या मुली नागपूरला दिलेल्या, आमची पोरं नागपूरला शिकलेली, सरकार म्हटलं की डोळ्यांपुढे नागपूरच येई. बरं, तिथून तरी कुणी कागद परत पाठवावा! तिथल्या कुणा बाबूलाही बुऱ्हाणपूर अजून आपलंच वाटत असणार. परक्या राज्यात आमचा अर्ज पाहुण्यासारखा सुखानं पडून होता.

बडेबाबू हात जोडून उभे राहिले. मला वाटलं, आता काकू त्यांना सोलून काढणार. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. उन्हाळा पुढ्यात होता आणि त्याच्यापुढे मृग. "नवा लिहा," त्या म्हणाल्या. "हिंदीत लिहा. चाचांना दाखवा, ते शब्द सुधरवतील. ह्या वेळेस टपाल नको. मी घेऊन जाते."

"काकू, भोपाळ लांब आहे," मी म्हणालो.

"म्हणून तं तुम्हाले सोबत नेते," त्या म्हणाल्या. दुकान भावावर टाकून मी गेलो. का गेलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. नाही म्हणायची सोय त्यांनी ठेवलीच नव्हती.

भोपाळची ती कचेरी म्हणजे घर बदलताना जी अवस्था होते ती. कोणी ग्वाल्हेरहून आलेला, कोणी रीव्याहून, कोणी आमच्यासारखाच नागपूरची आठवण काढणारा. फायली अजून गाठोड्यांत बांधलेल्या. आम्हाला ज्या साहेबांकडे पाठवलं त्यांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "गाँव तो नदी के पार है. नगरपालिका क्यों दे?"

काकू आपल्या हिंदीत म्हणाल्या, "साहब, नदी हमने नहीं डाली बीच में."

साहेब हसले, पण नियमाचं पुस्तक काही हसलं नाही. "देखेंगे," ते म्हणाले.

"देखो. हम बाहर बैठे हैं."

आणि त्या खरंच व्हरांड्यात बसल्या. पिशवीतून कापड काढलं आणि झबलं शिवायला घेतलं. मी शेजारी बसून बिड्या ओढल्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरा चुकवल्या आणि मनातून शरमेनं अर्धा झालो. संध्याकाळी साहेब घरी जायला निघाले, त्यांनी बघितलं आणि पुढे गेले. दुसऱ्या दिवशी काकू त्याच जागी. झबलं संपलं, दुसरं सुरू झालं. दुपारी साहेबांनी आत बोलावून विचारलं, "यह कपड़े किसके लिए हैं?"

"जो बारिश में पैदा होगा उसके लिए," काकू म्हणाल्या. "बच जाए तो पहनेगा."

साहेबांनी पुस्तक परत उघडलं. एक वर्षापुरती, तात्पुरती, दरवर्षी नव्याने विचारायची अशी परवानगी त्यांनी त्याच संध्याकाळी लिहून दिली. येताना गाडीत काकू खिडकीला डोकं टेकून गाढ झोपल्या. नेपानगर मागे गेलं तरी मी त्यांना उठवलं नाही, बुऱ्हाणपूर स्टेशन आल्यावरच उठवलं. इतकी थकलेली बाई मी तोवर बघितली नव्हती.

रोहिण्या लागायच्या आत दाई जैनाबादला राहायला गेली. शिकलेली, जरा तापट, मोठ्या आवाजाची. काकूंशी तिचं पहिल्याच दिवशी खोलीच्या छपरावरून भांडण झालं आणि मग दोघींचं चांगलं जमलं.

परवानगी वर्षाची, त्यामुळे भांडणही दरवर्षीचं. दर अंदाजपत्रकाला कुणीतरी म्हणे, आता पुरे. काकू उभ्या राहत. मुदत संपल्यावर आम्ही त्यांना परत निवडून घेतलं नाही. घरपट्टीवरून दुखावलेले बरेच होते. माझं मत त्यांनाच होतं, एवढं सांगतो. काकूंना त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. प्रेक्षकांच्या बाकावर येऊन त्या बसू लागल्या, आणि दाईची बाब वाचली जाई तेव्हा अध्यक्ष नकळत त्या बाकाकडे बघत. बाब कधीच कापली गेली नाही.

काकू गेल्या त्याही पावसाळ्यातच. दोन दिवसांचा ताप, बस. बातमी शेवटच्या नावेनं पलीकडे पोचली आणि मग तापीला पूर चढला. आम्ही त्यांना घाटावर नेलं तेव्हा पलीकडच्या काठावर जैनाबाद उभं होतं. नाव बंद, यायचा मार्ग नाही. बाया, माणसं, कडेवरची पोरं, सगळी भर पावसात डोक्यावर पोती घेऊन उभी होती. मधल्या पाण्याच्या आवाजात त्यांचं रडणं आम्हाला ऐकू येत नव्हतं. चाचा माझ्याजवळ होते, त्यांनी टोपी काढली आणि तोंड फिरवून घेतलं. मी मात्र त्या गर्दीत दाईला शोधत होतो. तिनं तरी पुढे उभं राहायला हवं होतं असं मला वाटत होतं, आणि ती कुठेच दिसेना. मला तिचा रागच आला.

पूर उतरल्यावर नाव सुरू झाली तेव्हा कळलं. त्या वेळी ती आतल्या आळीत एका बाळंतिणीपाशी होती. मूल आडवं आलं होतं. काकूंची बातमी तिला कुणीतरी दारातून सांगितली, तेव्हा तिनं डोळे पुसले आणि दार लावून घ्यायला सांगितलं. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.