आधी ऐकेन, मग आभार

"पाहुणे अजून बोललेच नाहीत, प्रणव! आभार आधी कसे लिहू?"

"अगं, सगळीकडे तसंच असतं. 'मौलिक विचार मांडले', 'वेळात वेळ काढून आले'. चार ओळी लिही, सरांना दाखव, विषय संपला."

"आणि मौलिक नाही मांडले तर?"

"मांडतील गं."

"तुला काय सपना पडला?"

"कस्तुरी, उगाच भाव खाऊ नकोस."

"भाव नाही खात, भिया. न बघितलेल्या फिल्मची तारीफ करत मी गावभर फिरले, तर तू मला काय म्हणशील? झूठी म्हणशील ना? मग हे काय वेगळं आहे?"

हे भांडण चाललं होतं कॉलेजच्या सभागृहात, शनिवारी दुपारी, रिकाम्या खुर्च्यांसमोर. प्रणव कोपराभोवती माइकची वायर गुंडाळत होता आणि कस्तुरी व्यासपीठाच्या कडेला पाय हलवत बसली होती. संध्याकाळी मराठी मंडळात नानासाहेबांचं भाषण होतं. नानासाहेब म्हणजे जुन्या सरदार घराण्यातलं बडं प्रस्थ. सभागृहातला प्रोजेक्टर त्यांच्याच कृपेने आलेला. मंडळाचे प्रमुख अरविंद सर. त्यांचा हुकूम होता की आजचं आभारप्रदर्शन कस्तुरीने लिहून काढायचं, त्यांना दाखवायचं आणि मगच माइकला हात लावायचा.

"माझ्याकडून नाही होणार," कस्तुरी म्हणाली. "दुसऱ्या कुणाला सांगा."

प्रणवने वायरमधल्या गाठीत डोकं घातलं. "सरांनी मला विचारलंय."

तिचे पाय हलायचे थांबले.

"अच्छा. आणि तू काय बोललास?"

"अजून काहीच नाही. म्हणून तर तुझ्या मागे लागलोय ना, लिही म्हणून!"

हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. वडिलांची नोकरी पीथमपूरच्या कारखान्यात लागली म्हणून प्रणव सांगलीहून इंदूरला आला आणि आल्या आल्या मंडळाचा हक्काचा हमाल झाला. खुर्च्या त्याने मांडायच्या, दिवे त्याने सांभाळायचे, पाहुण्यांच्या पुढ्यातली पाण्याची बाटली त्याने बदलायची. त्या माइकवर तो आजवर फक्त 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' एवढंच बोलला होता, तेही सभागृहात चिटपाखरू नसताना. एकदा तरी भरल्या सभागृहात त्या माइकपुढे उभं राहायचं, ही त्याची इच्छा त्याने कुणाला सांगितली नव्हती. सरांनी विचारलं तेव्हा आधी त्याच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. कस्तुरी नंतर आठवली.

कस्तुरी शितोळे. राहणार राजेंद्र नगर. पूर्वज होळकरांच्या फौजेत घोडेस्वार, वडिलांचं आता इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान. "घोडे गेले, बॅटऱ्या आल्या, पण वजन उचलणं काही सुटलं नाही," असं ती स्वतःच सांगायची. तिची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा सांगलीच्या प्रणवला हसू आवरेना. वाक्य मराठीत सुरू व्हायचं, मधे हिंदीत एक चक्कर मारून यायचं आणि शेवटी क्रियापदाला पुन्हा मराठीत येऊन टेकायचं. आणि हिला आभार मानायला उभी करतात? तो मनात म्हणाला होता.

आभारप्रदर्शन ही काय चीज असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. पाहुणे, अध्यक्ष, मांडववाला, माइकवाला, 'आभार मानून परकं करायचं नाही, तुमच्या ऋणातच राहायचं आहे', आणि तोवर अर्धे लोक दारापाशी. तिचं आभारप्रदर्शन प्रणवने पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले वासुदेवराव बोलले होते. आकडे, तक्ते, पुन्हा आकडे. पहिल्या रांगेतसुद्धा लोक डुलक्या घेत होते. कस्तुरी उठली, माइक तिच्या उंचीला खाली ओढला आणि म्हणाली:

"साहेबांनी मधेच एक बात सांगितली, जरा पटकन सांगितली. ज्या विहिरीत ते पोहायला शिकले, तिथे आता पार्किंग आहे. आणि ते म्हणाले, मी तिथे स्कूटर लावत नाही. बस, एवढंच. साहेब, तुमचे आकडे मी उद्यापर्यंत विसरेन, सच्ची. पण तुम्ही स्कूटर मग कुठे लावता, याचा विचार मी घरी जाईपर्यंत करणार आहे. त्याचे आभार."

वासुदेवरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला. मागून कुणीतरी इंदुरी थाटात "वा भिया!" म्हणालं. दिव्यांच्या बटणांपाशी उभा असलेला प्रणव मात्र चकित झाला, कारण भाषणभर तो तिथेच होता आणि ते वाक्य त्याच्या कानावरून नुसतं गेलं होतं.

तेव्हापासून तो तिच्यावर नजर ठेवून असायचा. ती दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसायची. हातात पेन नाही, फोन नाही. हनुवटी तळहातात आणि डोळे बोलणाऱ्याच्या तोंडावर. भाषण रटाळ असो की रंगलेलं, तिच्या बसण्यात फरक नाही. एकदा त्याने विचारलं, "तुझ्या लक्षात कसं राहतं गं?"

"लक्षात कुठे ठेवते? डोक्यातून जे हटत नाही ना, ते बोलून टाकते."

हळूहळू अशी वेळ आली की मुलं भाषणाला उशिरा यायची, पण आभाराला हजर असायची.

काही शनिवारी मंडळ भाषणाऐवजी सिनेमा दाखवायचं, तेव्हा तर तिचंच राज्य. शेवटचं दृश्य संपलं की प्रणव सवयीने दिवे लावायचा आणि लोक उठायचे. एकदा ती अंधारातून ओरडली, "लाइट नको, लाइट नको! नावं चालू आहेत अजून!"

"नावं कोण वाचतं?" कुणीतरी म्हणालं.

"ज्याने युनिटला चहा पाजला त्याचंही नाव असतं त्यात. घरी आईने वाढलं की तू तोंड पुसून असाच पळतोस काय?"

लोक हसले, पण बसले. पुढे ती रीतच पडली. शेवटचं नाव वर सरकेपर्यंत सभागृहात अंधार आणि शांतता. इतर कॉलेजची मुलं पाहुणी म्हणून आली की बावरून इकडेतिकडे बघायची.

एका शनिवारी स्टेशनवर मुलाची वाट बघणाऱ्या आईचा एक जुना कृष्णधवल सिनेमा होता. आभाराला कस्तुरी आली ती चिडूनच. "मला डायरेक्टरचा राग आलाय. त्याने आईला रडू दिलं नाही, म्हणून मलाही रडता नाही आलं. आता ते रडणं घेऊन मी सिटी बसमध्ये बसणार. त्याचे आभार मानू का त्याच्याशी भांडू, मला समजत नाही." देवांश नावाचा एक मुलगा पायऱ्यांवर तिला म्हणाला, रडली होती ती आई, पाठमोरी असताना, खांदे बघितले नाहीस तू. कस्तुरीने वाद घातला, खूप घातला. पण पुढच्या शनिवारी, दुसऱ्याच पाहुण्याचे आभार मानता मानता, ती सगळ्यांदेखत म्हणाली, "मागच्या वेळी मी गलत होते. पुन्हा बघितली फिल्म. खांदे हलतात. देवांशचे आभार." प्रणवला वाटलं, असं चारचौघांत आपल्याला कधी म्हणता येईल का?

आणि मग आला मागचा शनिवार.

शालिनीताई कॉलेजच्याच माजी विद्यार्थिनी. परदेशीपुऱ्यातल्या, गिरण्या बंद झाल्यावर घरी बसलेल्या कामगारांच्या बायकांवर त्यांनी सिनेमा केला होता आणि तो पहिल्यांदा इथे दाखवायला आणला होता. सिनेमा निम्म्यावर आला. पडद्यावरची म्हातारी दार वाजलं म्हणून पोळपाट बाजूला सारून उठली, आणि तेवढ्यात लख्खकन दिवे लागले. नानासाहेब आले होते. अरविंद सरांनी हातवारे करून प्रणवला दिवे लावायला सांगितले होते, आणि प्रणवने लावले होते. मग हार, शाल, श्रीफळ, फोटो, शाल पुन्हा एकदा फोटोसाठी. नानासाहेब 'दोन शब्द' बोलले आणि त्यांचे दोन शब्द संपेपर्यंत सभागृहाची वेळ संपली. शालिनीताई कडेला आपली बॅग पोटाशी धरून उभ्या होत्या.

कस्तुरी माइकपाशी गेली. आवाज अगदी साधा होता.

"नानासाहेब आले, त्यांचे आभार. शालिनीताईंचे मी अर्धेच मानते, कारण फिल्म आम्ही अर्धीच बघितली. त्या आजी दार उघडायला उठल्या होत्या. बाहेर कोण आहे ते आम्हाला अजून माहीत नाही. बाकीचे आभार बाकीची फिल्म बघून झाल्यावर."

टाळ्या थांबेनात. नानासाहेब शाल सावरत निघून गेले आणि अरविंद सरांच्या कपाळावरची शीर उठून आली.

"तू नानासाहेबांचा अपमान केलास असं सरांचं म्हणणं आहे," आज दुपारी वायर गुंडाळता गुंडाळता प्रणव म्हणाला.

"त्यांना मी काय वाईट बोलले, एक शब्द सांग. अपमान शालिनीताईंचा झाला. आणि लाइट कुणी लावले?"

वायरीची गाठ सुटता सुटेना.

"सरांनी सांगितलं म्हणून लावले," तो शेवटी म्हणाला.

"माहीत आहे रे. तुला नाही बोलत आहे मी." ती व्यासपीठावरून खाली उतरली. "तू करणार असशील तर कर आज आभार. खुशाल कर. आवाज चांगला आहे तुझा. माइक फक्त तोंडापासून जरा लांब धर, नाहीतर फुसफुस येते."

तिने टोमणा मारला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी सभागृह भरलं. प्रणवने पाण्याची बाटली ठेवली आणि वळून बघतो तर दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, कस्तुरी. हनुवटी तळहातात.

"तू आलीस?"

"म्हणजे काय? भाषण नाही का ऐकायचं?"

"आज तुला बोलायचं नाहीये."

"तर काय झालं? चांगलं बोलतीलही, कुणाला ठाऊक. बुजुर्ग माणूस आहे, एक तरी बात असेल त्यांच्यापाशी." तिने शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. "जा, सर बोलवताहेत तुला."

मंडळाच्या खोलीत अरविंद सर घामाघूम होऊन उभे होते. पलीकडच्या खोलीतून कपबशांचा आवाज येत होता आणि नानासाहेबांचं गडगडाटी हसू. सरांनी टाइप केलेला कागद पुढे केला. "वाच. मोठ्याने वाच, अडखळू नकोस."

"'आज नानासाहेबांनी आपल्या ओघवत्या वाणीने जे मौलिक विचार मांडले, त्यांनी आम्ही सर्व भारावून गेलो आहोत...'"

पलीकडे नानासाहेब साखर कमी पडली म्हणून सांगत होते.

"थांबलास का? छान वाचतोयस."

"सर, एक विचारू? मागच्या शनिवारी शालिनीताईंचा सिनेमा तुम्ही पाहिलात?"

"मी कुठे पाहणार बाबा! हार आले का, गाडी कुठवर आली... मंडळ चालवायचं म्हणजे गंमत आहे का? का रे? तू तरी पाहिलास?"

"नाही," प्रणव म्हणाला. "मी दारापाशी होतो. तुम्ही कधी खूण कराल ते बघत."

बोलता बोलताच त्याच्या ध्यानात आलं की दोन वर्षांत या सभागृहातलं त्याला जे काही आठवत होतं, ती विहीर, ती स्टेशनवरची आई, ते सगळं त्याने कस्तुरीच्या तोंडून ऐकलेलं होतं. स्वतःचं असं त्याच्याकडे एकही वाक्य नव्हतं.

"बरं, ते जाऊ दे," सर घड्याळाकडे बघत म्हणाले. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "हे बघ प्रणव, पुढच्या वर्षी मंडळाचा सचिव तूच, हे मी मनात धरलंय. आता नीट सांग मला. आभार तू मानतोयस ना?"

प्रणवने कागदाची घडी केली नाही. तो सरांच्या टेबलावर ठेवला, पंख्याने उडू नये म्हणून त्यावर पाण्याचा ग्लास ठेवला आणि दार लोटून बाहेर पडला.

"अरे प्रणव! हो की नाही, ते तरी सांगून जा!"

तो दुसऱ्या रांगेतल्या, कस्तुरीशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे चालत होता.