अण्णांच्या फोनला लावलेला टॅग

माझा फोन आता मला न विचारताच अपडेट होतो. सकाळी हातात घ्यावा तर चिन्हांचे रंग बदललेले असतात, घड्याळ दुसऱ्याच कोपऱ्यात जाऊन बसलेलं असतं. चऱ्होलीच्या आमच्या या नव्या सोसायटीत पाण्याच्या टँकरची वाट बघावी लागते, लिफ्टची बघावी लागते, फक्त अपडेटची बघावी लागत नाही. मला याचा राग येतो. नवरा म्हणतो, जे फुकट आणि आपोआप होतंय त्याचा कसला राग? त्याला काय सांगणार! तो अण्णांच्या गुरुवारात वाढलेला नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते आणि आम्ही चिंचवडला राहायचो. आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. बाकी जगाचा जो रविवार, तो आमचा गुरुवार. पण मशिनं थांबलेली असतानाच ती उघडता येतात, म्हणून मेंटेनन्सवाल्यांना कितीतरी गुरुवारी कामावर जावं लागे. ज्या गुरुवारी बोलावणं नसे, त्या गुरुवारी अण्णा घर उघडायला काढत. कधी मिक्सर, कधी इस्त्री, कधी बाथरूमचा गिझर. आई म्हणायची, "ह्येंच्या हाताला खाज हाय नुसती." पण नादुरुस्त वस्तू पुढ्यात आणून ठेवायचीही तीच.

मग घरात स्मार्टफोन आले आणि अण्णांना नवं कुरण मिळालं. गुरुवारी पोहे झाले, की जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं जाई आणि त्यावर घरातले चारही फोन मांडले जात. आईचा फोन हमखास आजारी. अण्णा चष्मा लावून तिला कंपनीतल्यासारखे प्रश्न विचारत.

"कम्प्लेंट काय?"

"आवाज येत न्हाई."

"त्याआधी काय केलं होतंस?"

"काय न्हाई केलं."

"सगळे ऑपरेटर हेच सांगतात," असं म्हणून अण्णा जुना टूथब्रश घ्यायचे आणि फोनची भोकं घासायला लागायचे. कणकेचा सुकलेला गोळा निघायचा. पोळ्या लाटता लाटता फोन उचलणारी बाई ती, दुसरं काय निघणार? कधी टूथब्रशने काम व्हायचं नाही. मग ते फोन बंद करून खिडकीत ठेवायचे, "गार होऊ दे." त्यानेही झालं नाही, तर आम्ही गुपचूप दापोडीच्या एका दुकानात नेऊन दुरुस्त करून आणायचो आणि अण्णा समजायचे, गार झाल्यामुळे चालू झाला. खरं सांगायचं तर फोनमधलं त्यांना फारसं काही कळत नव्हतं. पण कळत नाही म्हणून हात आखडता घेणाऱ्यांतले ते नव्हेत.

अपडेट हा मात्र गंभीर मामला. त्यांच्या भाषेत ते 'शटडाउनचं काम'. आधी सिम काढायचं आणि स्टीलच्या वाटीत ठेवायचं, म्हणजे मध्येच कुणाचा फोन यायला नको. मग चार्जर लावायचा. मग फोनला लाल टॅग बांधायचा. आणि मग बटण.

हा टॅग कंपनीतला. पोस्टकार्डाएवढा, वर भोक आणि त्यात ओवलेली दोरी. 'धोका! काम चालू आहे. बटण दाबू नये.' कंपनीने नवे टॅग आणले तेव्हा टाकून दिलेल्या जुन्यांतला एक अण्णांनी घरी आणला होता. मशिनमध्ये उतरायच्या आधी सप्लाय तोडायचा आणि बटणावर आपला टॅग लावायचा, असा तिथला नियम. ज्याने लावला त्यानेच काढायचा. मोठा साहेब आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही.

"टॅग दिसला की माणूस आत आहे असं समजायचं," अण्णा सांगत. "तो बाहेर येईल आणि स्वतःच्या हातानं काढील. तोवर थांबायचं."

आम्ही दोघं भावंडं यावर खूप हसायचो. दादा तर फोनला विचारायचा, "कोण आहे रे आत?" आई हसायची नाही. अण्णांचा गावाकडचा एक मित्र पूर्वी एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर कामाला होता. तो आत असताना कुणीतरी घाईत त्याचा टॅग काढून बटण दाबलं, आणि त्याची दोन बोटं गेली. तो आमच्याकडे येई तेव्हा बशी डाव्या हाताने धरी. आई त्याला चहा देताना मान वर करत नसे.

अण्णांच्या फोनला एकदा मोठं अपडेट येणार होतं. कंपनीतल्या त्यांच्या जोडीदाराचा अगदी तसलाच फोन, त्याला ते कधीच आलं होतं. "राव, काय मस्त चालतोय," असं म्हणून तो जेवणाच्या सुट्टीत अण्णांच्या नाकासमोर फोन नाचवायचा. अण्णा घरी येऊन सेटिंग उघडायचे. 'तुमचा फोन अद्ययावत आहे' असं उत्तर मिळायचं.

"खोटं बोलतोय," अण्णा म्हणायचे.

असं किती दिवस चाललं कोण जाणे. दसरा झाला, दिवाळीचा फराळ संपला. कुणाच्या नोकरीच्या पत्राची बघावी तशी आम्ही सगळे त्या अपडेटची वाट बघत होतो. मला आता त्या वाट बघण्याचीच आठवण येते. काहीतरी येणार आहे आणि ते आलं की सगळं सुरळीत चालेल, असं घरातल्या चौघांना एकदमच वाटत होतं. असं पुन्हा कधी वाटलेलं मला आठवत नाही.

अखेर एका मंगळवारी ते आलं. दादा म्हणाला, करून टाका. अण्णा म्हणाले, गुरुवारी. आमच्या भागात तारांची कामंही गुरुवारीच निघतात, लाइट जाते, लाइटबरोबर वायफाय जातं, आणि मागची दोन अपडेटं अशीच अर्ध्यात लटकली होती. पण मशिन चालू दिवशी उघडायचं नाही म्हणजे नाही. हे कुणी समजावून सांगावं?

गुरुवार उजाडला. नशिबाने लाइट होती. पोहे झाले. मी आतल्या खोलीत परीक्षेचं वाचत होते, दादा आंघोळीला गेला होता. अण्णांच्या शेजारी आई मेथी निवडत बसली होती. सिम वाटीत पडल्याचा आवाज मला ऐकू आला. थोड्या वेळाने आईची हाक आली. तशी हाक तिने त्याआधी कधी मारली नव्हती.

अण्णा भिंतीला टेकून बसले होते, छातीवर हात, शर्ट घामाने भिजलेला. समोर फोन, त्याला चार्जर, त्यावर टॅग बांधलेला. दादा ओल्या अंगावर शर्ट चढवून धावला, शेजाऱ्यांनी गाडी काढली आणि आम्ही हॉस्पिटल गाठलं. हृदयाचा झटका होता. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, आणि आत्ताच काही सांगता येत नाही.

संध्याकाळी आई कपडे न्यायला घरी आली, तेव्हा मी बरोबर होते. तिने मेथी उचलली, वर्तमानपत्र घडी केलं. फोन जसा होता तसा, टॅगसकट, चार्जरसकट उचलून कपाटावर ठेवला. शेजारी सिमची वाटी. दुसऱ्या दिवशी दादाने तो घ्यायला हात वर केला तर ती मध्ये उभी राहिली.

"ऱ्हाऊ दे तसाच."

"अगं, सगळ्यांचे नंबर आहेत त्यात. कंपनीत कळवायचंय."

"कंपनीत जाऊन सांगून ये. गावाकडं म्या माझ्या फोनवरनं सांगितलंय."

"आई, तो फोन आहे. प्रेस मशिन नाहीये."

"आसू दे. टॅग हाय त्याला. ज्यानं लावला त्यानंच काढायचा."

दादा चिडून निघून गेला. मलाही तिचं डोकं फिरलं की काय असं वाटलं. शिकलेल्या मुलांना असं लवकर वाटतं. पण फोनला हात लावायची हिंमत आम्हा दोघांनाही झाली नाही. ऑपरेशनच्या दिवशी ती हॉस्पिटलला निघाली, देवाला नमस्कार केला आणि जाताना कपाटावर एकदा नजर टाकली. टॅग लटकत होता. मी फार घाबरले होते. अण्णा आले नाहीत तर तो टॅग कोण काढणार, हा एकच मूर्ख प्रश्न माझ्या डोक्यात दिवसभर फिरत राहिला.

अण्णा आले. बारीक झालेले, छातीला पट्टा बांधलेला, एकेक पायरी चढत. खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "माझा फोन कुठंय?"

आईने तो दोन्ही हातांनी खाली काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. गाठ घट्ट बसली होती आणि अण्णांना ती सुटेना. दादा मदतीला वाकला.

"न्हाई," आई म्हणाली. "त्येंलाच सोडू दे."

बराच वेळ लागला. गाठ सुटली. अण्णांनी टॅग बाजूला ठेवला, उतरलेल्या फोनला चार्जर लावून तो चालू केला आणि चष्म्यातून बघत राहिले. अपडेट झालेलं नव्हतं. अडकलेलंही नव्हतं. 'अपडेट तयार आहे. आता इन्स्टॉल करा,' एवढंच तिथे लिहिलेलं होतं.

"बटण दाबलंच नव्हतं मी," अण्णा म्हणाले. "टॅग बांधला आणि कळ आली."

दादा उसळलाच. "म्हणजे इतके दिवस आपण काही चालू नसलेला फोन राखत बसलो होतो?"

"मला ठावं हुतं," आई म्हणाली. "म्या शेजारीच बसले हुते. बटण दाबल्यालं न्हाई, ह्ये तवाच दिसलं मला."

"मग आम्हाला टॅग का काढू दिला नाहीस?"

आई वाटीतलं सिम पदराला पुसत होती. दादाकडे न बघताच ती बोलली.

"फोन कुठं आत गेला हुता? ह्ये गेले हुते."

मी रडले, मला कळलं की दादाही रडतोय. अण्णांनी टॅगची दोरी टॅगभोवती नीट गुंडाळली, कंपनीत गुंडाळत असतील तशी, आणि तो आईच्या हातात दिला.

"आलो की बाहेर," ते म्हणाले.

मग दादाने नाक पुसत विचारलं, आता तरी दाबू का बटण? अण्णांनी फोन त्याच्यापासून लांब धरला. त्या दिवशी सोमवार होता.