सुरेखाला पाठवलेली फाईल

मंडळी, आज लॅबमध्ये स्पेक्ट्रमच्या आलेखातल्या एका उंच टोकावर, आम्ही त्याला पीक म्हणतो, सॉफ्टवेअरचा कर्व्ह काही केल्या बसेना. शेवटी सुरेखाला फोन लावला. हे काम मला तिनंच शिकवलं होतं. सासरे अंथरुणाला खिळले आणि ती पीएचडी सोडून मंद्रूपला सासरी गेली.

मी पाठवलेला स्क्रीनचा फोटो बघून म्हणाली, "अगं, तितं एक न्हाय, दोन पीक हायत की!"

मग हळूच म्हणाली, "फाईलच पाठवतीस का? सॉफ्टवेअर अजून लॅपटॉपवर ठेवलंय मी."

तासाभरात फाईल परत आली. दोन्ही कर्व्ह चपखल बसले होते. खाली लिहिलं होतं, "अजून असतील तर पाठव की."

माझ्याकडे अडलेली एकही फाईल उरली नव्हती. मग झालेलीच एक फाईल, माझे कर्व्ह पुसून, तिला पाठवली.

चुकलं का माझं?