टॅक्स भरू नका म्हणणारा एल्डन

एल्डन फॉस गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा. आवाज असा, की भाव ऐकायला म्हणून आलेला माणूस वासरू घेऊन घरी जायचा. अमेरिकेत मोन्टानातल्या आमच्या गव्हाच्या पट्ट्यात त्याला ओळखत नाही असं कोणी नव्हतं. पण बाजार भरायचा आठवड्यातून एकदा. बाकीचे दिवस तो आवाज मोकळा असायचा, आणि मग एल्डन माझ्या कॅफेत येऊन बसायचा. मागच्या खिडकीपाशी एक गोल टेबल होतं. सकाळची कामं उरकली की तिथे पाच-सहा जण जमायचे, आणि विषय कुठूनही निघाला तरी एल्डन तो इन्कम टॅक्सवर आणून सोडायचा.

त्याचं म्हणणं आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं. माणूस घाम गाळतो आणि बदल्यात मजुरी घेतो. ही अदलाबदल झाली, यात उत्पन्न आलं कुठून? ज्या घटनादुरुस्तीने हा टॅक्स बसवला, ती राज्यांनी धड मंजूर केलीच नव्हती. एकाच्या ठरावात शब्द वेगळा, दुसऱ्याच्या ठरावात स्वल्पविराम नाही. मजुरी करणाऱ्याने टॅक्स भरलाच पाहिजे असं सांगणारं एक वाक्य कायद्यात दाखवा, मी माझी टोपी खाईन, असं तो म्हणायचा.

त्याला उत्तर द्यायला मिल्टन असायचा. मिल्टन आमचा निवृत्त पोस्टमास्तर. तो शांतपणे सांगायचा की कोर्टांनी हे सगळं कितीतरी वेळा ऐकलंय आणि दर वेळी फेटाळलंय.

"कोर्टाला पगार कोण देतं, मिल्टन?" एल्डन विचारायचा. मग खिडकीतून बोट दाखवायचा. "त्या तिकडे ग्रेगरच्या शेताखाली सरकारने अणुबॉम्बचं क्षेपणास्त्र पुरलंय. तुझा पैसा तिथे गेला. असलं बी, की उगवलं तर कापायला कोणी उरणार नाही."

"माझाही पैसा तिथे गेला, मान्य," मिल्टन म्हणायचा. "पण धरणही त्यातूनच झालं. तुझ्या बापाच्या घरात दिवा लागला तो त्यातून. माझी पेन्शन त्यातून येते. आणि गव्हाचा भाव पडला की सरकारचा चेक येतो, तो या टेबलावरच्या कोणी परत पाठवल्याचं मला आठवत नाही. मी पोस्टात होतो, मला कळलं असतं."

सगळे हसायचे, एल्डनही हसायचा, आणि पुढच्या वाक्याला आवाज चढवून वाद जिंकून टाकायचा. मिल्टनचं बोलणं बरोबर वाटायचं, पण ऐकत राहावंसं वाटायचं ते एल्डनचं.

यातली एक गोष्ट तेव्हा गावात कोणाला माहीत नव्हती. मला त्याच्या बायकोने, आर्डिसने, सगळं होऊन गेल्यावर सांगितली. एल्डन दर वर्षी न चुकता टॅक्स भरायचा. हिशेब आर्डिस ठेवायची, शहरातल्या एका माणसाकडून कागद तयार करून आणायची आणि सकाळच्या कॉफीबरोबर त्याच्यापुढे ठेवायची. तो उभ्या उभ्या सही करायचा, न वाचता, आणि गोठ्याकडे निघून जायचा. त्यावर दोघांत कधी एक शब्द झाला नाही. आर्डिसला वाटायचं, कोणाला मासे धरायचा नाद असतो, याला बोलायचा आहे. बोलू दे.

एल्डनची धाकटी बहीण व्हर्ना. तिचा नवरा बर्फावर ट्रक घसरून गेला तेव्हा तिचा मुलगा रोली अजून शाळेतही जात नव्हता. त्याला घोड्यावर बसायला, बंदूक धरायला, गाडी चालवायला शिकवलं ते एल्डनमामाने. रोली मोठा होऊन बोअर मारायच्या धंद्यात पडला. स्वतःचं यंत्र घेतलं, लग्न केलं, दोन मुली झाल्या. कमी बोलणारा, अंगापिंडाने दणकट. पाणी लागलं नाही तर अर्धेच पैसे घ्यायचा. सकाळी काम नसलं की गोल टेबलाशी खुर्ची ओढून बसायचा आणि मामाचं बोलणं ऐकायचा. टेबलावरचे बाकीचे करमणूक म्हणून ऐकायचे. रोली ऐकायचा ते खरं समजून.

एका वसंतात त्याने कॉफीचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "मामा, मी यंदा टॅक्स भरला नाही. पुढेही भरणार नाही."

एल्डन क्षणभर थांबला. मी कॉफीचं भांडं घेऊन तिथेच उभी होते, म्हणून मला ते थांबणं दिसलं. मग त्याने रोलीच्या पाठीवर जोरात थाप मारली आणि टेबलावरच्या सगळ्यांना स्वतःच्या खर्चाने ॲपल पाय खायला घातला. "याला म्हणतात माणूस," तो म्हणाला. त्यानंतर येईल त्याला तो रोलीची ओळख तशीच करून द्यायचा.

घरी आर्डिसने ही गोष्ट ऐकली तेव्हा ती म्हणाली, "त्याला सांग, आपण भरतो म्हणून."

"त्याने विचारलं तर सांगेन."

रोलीने कधी विचारलं नाही. विचारायचं त्याच्या मनात तरी कसं येणार?

पुढे सरकारची पत्रं यायला लागली. रोली ती मामाकडे घेऊन यायचा, आणि एल्डन ऐटीत उत्तरं सांगायचा: कायद्यातलं वाक्य दाखवा, मग बोलू. अशी काही वर्षं गेली. मग एक दिवस टॅक्स खात्याची दोन सभ्य माणसं रोलीच्या दारात आली, त्यांनी व्हरांड्यात बूट पुसले, आणि थोड्याच महिन्यांत खटला उभा राहिला.

रोलीला सरकारकडून मिळालेली वकील तरुण बाई होती. तिने स्पष्ट सांगितलं की टॅक्स बेकायदा आहे असं कोर्टात म्हणायचंच नाही, त्यात काही हशील नाही. पण रोली लबाड नाही, ज्याने त्याला वाढवलं त्या माणसाच्या शब्दावर तो मनापासून विश्वास ठेवत होता, एवढं ज्यूरीला पटलं तर तो सुटू शकतो. त्यासाठी आधी एल्डनने साक्ष द्यायची आणि मग रोलीने. एल्डन लगेच तयार झाला. आर्डिसने त्याचा कोट इस्त्री केला. इस्त्री करताना ती त्याला म्हणाली, "ते तुला विचारतील." तो म्हणाला, "विचारू देत."

खटल्याच्या दिवशी एल्डन वकीलबाईंबरोबर आधीच शहरात गेला होता. आर्डिसला मी माझ्या गाडीतून नेलं. आम्ही दोघी व्हर्नाच्या मागच्या बाकावर बसलो.

एल्डन फार छान बोलला. शब्द मोजके, आवाज खालचा. पोराला कसं वाढवलं, काय सांगितलं, त्याने ते कसं मनावर घेतलं. ज्यूरीतली एक म्हातारी मान डोलावत होती. मला वाटलं, झालं, रोली सुटला.

मग सरकारी वकील उठला. सर्दी झालेला, किडकिडीत माणूस. हातात रुमाल.

"फॉससाहेब, तुम्ही स्वतः टॅक्स भरता का?"

एल्डनने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"आमच्या घरचं ते सगळं माझी बायको बघते," तो म्हणाला.

माझ्या शेजारी आर्डिस ताठ झाली.

"सही कोणाची असते?"

"दोघांची."

"म्हणजे तुम्ही भरता."

"भरतो."

ते इतकं हळू आलं की न्यायाधीशांनी त्याला पुन्हा मोठ्याने सांगायला लावलं. एल्डन फॉसला मोठ्याने बोला म्हणायची वेळ आमच्या भागात कोणावर आली नव्हती.

"भरतो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि हे तुम्ही भाच्याला सांगितलं होतं?"

"त्याने विचारलं नाही."

वकिलाने नाक पुसलं आणि तो बसला. त्याला आणखी काही नको होतं. व्हर्ना मागे वळली. तिने एल्डनकडे पाहिलंच नाही, आर्डिसकडे पाहिलं. आर्डिसने मान खाली घातली. रोली मात्र समोरच्या टेबलाकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. न्हाणीघराचं दार चुकून उघडल्यावर आत वडीलधारं माणूस दिसलं की आपला होतो, तसा त्याचा चेहरा झाला होता.

मग रोलीची पाळी आली. वकीलबाईंना अजून आशा होती. उलट त्या मला पुढे म्हणाल्या की फसवला गेलेला भाचा पाहून ज्यूरी आणखी विरघळली असती. रोलीने फक्त खरं सांगायचं होतं. त्यांनी विचारलं, हे सगळं तू कोणाच्या शब्दावर केलंस?

"कोणाच्या नाही," रोली म्हणाला.

त्यांनी पुन्हा विचारलं, जरा फोड करून, मामाचं नाव घेऊन.

"मी लहान पोर नाही, बाई. मला कोणी शिकवलं नाही. माझ्या मनाने केलं."

एल्डन दाराजवळच्या बाकावर बसला होता. त्याने दोन्ही हातांनी टोपी तोंडापुढे धरली.

ज्यूरीने रोलीला दोषी ठरवलं. दीड वर्षाची कैद झाली. बोअरचं यंत्र थकबाकीत गेलं.

परतताना एल्डन माझ्या गाडीत मागे बसला. अर्धा रस्ता मागे पडला. मग आर्डिस पुढे बघतच म्हणाली, "‘आम्ही भरतो’ म्हणता आलं असतं, एल्डन. मला का पुढे केलंस?"

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. रेडिओ लावला.

गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. मिल्टनला टोमणा मारायचा सगळ्यात जास्त हक्क होता, पण त्याने तो वापरला नाही. गोल टेबलाशी एकदोन दिवस एकटाच बसला आणि मग काउंटरपाशी माझ्यासमोर येऊन बसायला लागला. बाजारातली माणसं मात्र इतकी भली नव्हती. एल्डन भाव पुकारू लागला की मागून कोणीतरी बारीक आवाजात म्हणायचं, "भरतो!" आणि सगळा मांडव हसायचा. त्याने ते हिवाळाभर सोसलं. नंतर घसा बसतो असं सांगून काम सोडलं. घसा ठणठणीत होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

व्हर्नाकडे तो एकदा गेला. तिने दार उघडलं, कॉफी दिली, आणि तो पिऊन होईपर्यंत भांडी घासत उभी राहिली. त्याच्यासमोर बसली नाही.

तुरुंगात भेटायला व्हर्ना, रोलीची बायको आणि आर्डिस जायच्या. एल्डन दर वेळी काहीतरी निमित्त काढायचा. शेवटी आर्डिसने एका रविवारी गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, आज तू चालव. तिथे पोचल्यावर ती मुद्दाम बाजूच्या टेबलाशी बसली, पण बोलणं ऐकू येत होतं. बराच वेळ दोघं हवेबद्दल बोलले, कोणाच्या शेतात पाणी किती खोल लागलं त्याबद्दल बोलले.

मग रोली म्हणाला, "मामा, एकच विचारतो. तू जे बोलायचास ते तुला खरं वाटायचं का?"

"बोलत असताना वाटायचं," तो म्हणाला. "घरी गेलो की भीती वाटायची. मग सही करायचो. दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळे ऐकायला बसलेले असायचात, की पुन्हा खरं वाटायचं."

"भीती वाटते एवढं सांगितलं असतंस तरी चाललं असतं," रोली म्हणाला. "मलाही वाटत होती. मला वाटायचं, मी एकटाच भित्रा आहे."

"कोर्टात माझं नाव का नाही घेतलंस?"

रोलीने खांदे उडवले. "तोवर तुझी पुरेशी शोभा झाली होती, मामा."

येताना एल्डनने गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली आणि आर्डिसला चालवायला सांगितलं. त्याला दिसत नव्हतं.

रोली सुटून आला तो तेलाच्या विहिरींवर एका कंपनीत नोकरीला लागला. तिथे टॅक्स पगारातूनच कापून जातो, विचारत नाहीत. त्याच्या मुली मामाआजोबांना रस्त्यात बघून हात करायच्या, रोली ओळखीपुरती मान हलवायचा, आणि तेवढंच.

त्या वर्षी थँक्सगिव्हिंगला व्हर्नाने आर्डिसला जेवायला बोलावलं. मलाही बोलावलं, मी विधवा, सणाला एकटी. एल्डनचं नाव तिने घेतलं नाही आणि येऊ नको असंही म्हणाली नाही. एल्डनने आम्हाला दारापर्यंत सोडलं आणि म्हणाला, मी गाडीतच बसतो, रेडिओवर सामना लागलाय. बाहेर पाण्याचा बर्फ होत होता. आम्ही आत टेबल मांडलं. गाडीतला रेडिओ चालू नव्हता, खिडकीतून दिसत होतं. एल्डन नुसता बसला होता.

भाजलेली टर्की टेबलावर आली तशी रोलीने कोट चढवला आणि तो बाहेर गेला. त्याने गाडीचं दार उघडलं. तो काय म्हणाला ते आम्हाला ऐकू आलं नाही. एल्डन मान हलवत राहिला, नको नको. रोली दार उघडं धरून थंडीत तसाच उभा राहिला. शेवटी एल्डन उतरला.

व्हर्नाने एक ताट वाढवलं. मुली जरा सरकल्या. त्या घरात जेवणाआधीची प्रार्थना नेहमी एल्डन म्हणायचा, लांबलचक, खणखणीत आवाजात. सवयीने सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे गेले. त्याने मान खाली घातली आणि हात मांडीवर ठेवले.

"रोली, तू म्हण," व्हर्ना म्हणाली.

रोलीला तसलं काही येत नव्हतं. त्याने अन्नाबद्दल आभार मानले, घरात सगळे आहेत म्हणून आभार मानले, आणि पुढे सुचेना तेव्हा आमेन म्हणाला. मग बटाट्याचं भांडं उचलून मामाच्या हातात दिलं. एल्डनने एक चमचा घेतला, भांडं पुढे सरकवलं, आणि जेवण संपेपर्यंत मान वर केली नाही.