माळावरची खळी

श्रीवर्धनजवळच्या आमच्या गावाच्या डोक्यावर एक माळ आहे. दिवाळी सरली की तिथलं गवत पिवळं पडे आणि त्यात मध्येच उघडी गोल वर्तुळं दिसत. त्यात काडीही उगवत नसे. चंद्राभोवती पडतं तसं म्हणून आम्ही त्यांना खळी म्हणत असू. पाण्यातल्या साती आसरा वर येऊन तिथे फेर धरतात, असं आई सांगे. शाळेचे मास्तर म्हणत, वाळवी मुळं खाते. कुणी म्हणे, गवतच एकमेकांचं पाणी पळवतं. मला तिन्ही खरी वाटत, अजूनही वाटतात.

तीस सालाच्या आगेमागे दादाचं लग्न झालं. वहिनी माणगावकडच्या भातशेतीवाल्यांची. आमचं घर कोळ्याचं, दारात जाळी आणि सुकत घातलेले बोंबील. बिचारी गप्प गप्प असे.

दादा होडी घेऊन गेला होता तेव्हा ती माझ्याबरोबर माळावर गवत कापायला आली. खळं पाहून तिचा चेहरा उजळला.

"हितं खळं हाय तुमचं? आणि सारवलेलं न्हाय?"

तिच्या गावी खळं म्हणजे भात झोडायची जागा. मी सांगेपर्यंत तिने प्यायच्या पाण्यात शेण कालवून सारवायला घेतलंही होतं. उन्हात तिचा हात गोल गोल फिरत होता, खाली समुद्र पेंगत होता. मला तिला थांबवावंसंच वाटेना.

संध्याकाळी गावभर बोभाटा झाला. त्यात दादाची होडी परतली नाही.

"आसरांच्या जागेला हात लावलान," आई म्हणाली. "माझा पोर न्हाय आला तर हिनं माहेरची वाट धरावी."

वहिनी उंबऱ्याशी बसून राहिली. मला आईचा राग आला, आसरांचाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी होडी आली. वारा पडला होता, एवढंच. आईने मात्र मिठाची गुळणी धरली. वर्षभर ती सुनेशी कामापुरतंच बोलली.

पुढच्या दिवाळीनंतर गवत पुन्हा पिवळं झालं. खळं होतं तिथेच होतं. एका सकाळी आईने शेणाची पाटी भरली आणि वहिनीपुढे ठेवली.

"जा गो," ती म्हणाली, "आपलं खळं सारवून ये."

वहिनी पाटी उचलायची सोडून तिथेच बसली आणि पदर तोंडाला लावून रडली.