सुरळीतल्या अळीलाही तोंड असतं

मोठी माय गेल्याचा फोन आला, तेव्हा मी चंद्रपूरला होते. शेवंताबाई, माझ्या आईची थोरली बहीण. मूलजवळच्या आमच्या गावात बोडीतल्या, म्हणजे गावतळ्यातल्या, मासोळ्यांवर जगलेली. महिना झाला. शांतपणे गेली म्हणतात. गेली असेल... जगली मात्र कधीच शांतपणे नाही.

काही वर्षांपूर्वी बोडीच्या वरच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धानावर जोरदार फवारणी झाली. पावसानं ते पाणी बोडीत उतरलं आणि सकाळी मासोळ्या पोट वर करून तरंगत होत्या. फवारणी होती सुरळीतल्या अळीसाठी. एका इवल्या पांढऱ्या पतंगाची ही अळी. पानाचा शेंडा कातरते, त्याची सुरळी करून आत राहते आणि पाण्यावर तरंगत दुसऱ्या रोपावर जाते. तिला माशासारखे कल्ले असतात. पाणी आटलं की मरते. तिच्या कुळातले काही पतंग अळीपणी बोडीतलं पाणगवत खातात, आणि मासोळ्या या अळ्यांना. मी हे पुस्तकात वाचलं होतं, मोठ्या मायनं गुडघाभर पाण्यात उभं राहून पाहिलं होतं.

मी तावातावानं पत्रक लिहिलं : ‘ही अळी निरुपद्रवी आहे!’ तिला वाचून दाखवलं.

“काऊन वो, तिले तोंड नाई का? मंग धानाचा शेंडा कोण कातरते, तुयी मोठी माय?”

“पण आपली बाजू...”

“आपली बाजू खरी हाय. तिले खोट्याचा टेकू कायले? कास्तकार रोज पान पाहून राह्यला. तो हे एक खोटं धरंन अन् बाकीचं खरं बी फेकून देईन.”

ते वाक्य तिनं मला एकेका प्रतीवर हातानं खोडायला लावलं. मग ग्रामसभेत उभी राहिली. “अळी पान खाते, खरं हाय. पण पान परत फुटते. माह्या मासोळ्या परत फुटत नाई.”

“मंग काय अळीची आरती करू का, बाई?” मागून एक जण ओरडला.

“आरती नको. दोर धर!”

जुनीच रीत ती. दोघांनी रोपांवरून दोर ओढायचा, सुरळ्या पाण्यात झडतात, ते पाणी बोडीत सोडायचं. दोराला रॉकेल लावायचं नाही, तेही बोडीत उतरतं, यावर ती अडून बसायची. तेव्हापासून त्या बांध्यांत फवारणी झाली नाही.

गेल्या आठवड्यात ग्रामसभेत कोणी तरी म्हणालं, “शेवंताबाई गेली, आता फवाराले अडचण नाई.” मी उठले. अडचण आहे, म्हणाले. अळी नुकसान करते, हेही म्हणाले. आणि तरी बोडीच्या वर औषध पडू देणार नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या सकाळी तिचा दोर घेऊन बांधावर गेले. दुसरं टोक धरायला आई आली... बहिणीसारखीच कमरेला पदर खोचून. दुपारपर्यंत तळहात सोलवटले. फवारणीसाठी आणून ठेवलेला औषधाचा ड्रम अजून बांधावर उभा आहे, झाकण न उघडलेला. आम्हीही उभ्या आहोत.