बदामाचे इस्पिक

पृथ्वी गोल आहे हे शोधण्याचं श्रेयही माझा दौंडचा साडू एखाद्या दिवशी लाटेल, इतका त्याचा गोलावर हक्क आहे. आम्ही दोघेही लग्नाचे फोटो काढतो, मी शिरूरला, तो दौंडला. त्याच्या फोटोत नवरीमागचे दिवे विरघळून मोत्यांसारखे गोल होतात. माझ्या फोटोत षटकोनी. कारेगावच्या एका नवरदेवाने विचारलंच, "पाठीमागं आमच्या कंपनीतलं नट-बोल्ट कशाला लावलं वो?"

एकदा शिक्रापूरला आम्ही दोघे ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलो होतो. सगळे हॉर्न बडवत होते आणि हा चष्मा काढून ट्रकांचे लाल दिवे बघत बसला. "पाहुणं, चष्मा काढा की! कशी डाळिंबं लागल्यात!" मी काढला नाही. त्याच्यामुळे मला काही सुंदर दिसावं, हे मला परवडणारं नव्हतं.

धाकट्या मेहुणीचं लग्न वडगाव रासाईला ठरलं. आमचे सासरे, आबा, म्हणाले, "दोघं बी फोटू काढा. ज्याचा बेस, त्यो बैठकीत लावनार." साडूने तर आपणहून गुपित सांगितलं, "लेन्सचं भोक अर्धं मिटलं की पाती मधी येत्यात, कोपरं पडत्यात. सताड उघडं ठेवा, गोलच येतंय." शत्रूचा सल्ला! मी काळ्या पुठ्ठ्यात बदाम कापून लेन्सपुढे चिकटवला. त्याचे दिवे गोल, तर माझ्या दिव्यादिव्यात बदाम!

चिकटवला मात्र उलटा. मांडवपरतणीला टीव्हीवर फोटो लागले, तर आबा लेकीला आशीर्वाद देताहेत आणि मागे शे-दीडशे इस्पिकं. दांडी नव्हती, पण खेळणाऱ्याला दांडी लागत नाही. आबा रोज पारावर पत्ते कुटतात, हे व्याह्यांपासून जिवापाड लपवलेलं. व्याही हसून म्हणाले, "आबा, डाव कुनी मांडलाय?" आबांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात साडू पुढे झाला. "माझी चूक, आबा. पुठ्ठा म्याच लावून दिला व्हता."

बैठकीत त्याचाच फोटो लागला. माणसाने इतकं चांगलं असू नये. धड हेवाही करता येत नाही.

परवा संध्याकाळी शिक्रापूरला एकटाच अडकलो. ओळखीचं कुणी नाही असं बघून चष्मा काढला. रस्ताभर डाळिंबं लागली होती, एकालाही कोपरा नव्हता. म्हणजे देवाने माझ्याही डोळ्यांत पाती बसवली नव्हती तर! साडूला सांगावं म्हणून फोन हातात घेतला. पण चष्म्याशिवाय त्याचं नाव सापडेना, आणि चष्मा लावायचं मन होईना.